फोटो स्टुडिओच्या माडीवर बिऱ्हाड

धुळ्याला बदली झाल्यावर ऑफिसातल्या झाडून सगळ्यांनी एकच सल्ला दिला, देवपुरात फ्लॅट बघा. पांझरा नदीच्या पलीकडे, कॉलेजांच्या आजूबाजूला, नव्या इमारती, लिफ्ट, पार्किंग. मी बघितलेही. तिथले एजंट बजेट नंतर विचारतात, आधी विचारतात, "मॅडम, फॅमिली कधी येणार?" फॅमिली येणार नाही, मी एकटीच राहणार, असं सांगितलं की तो फ्लॅट कालच दुसऱ्या कुणाला तरी दिलेला निघतो. चाळिशी ओलांडलेल्या, महिन्याच्या एक तारखेला पगार घेणाऱ्या बाईला घर द्यायला लोक का घाबरतात हे मला अजून कळलेलं नाही.

मग ऑफिसात चहा आणणाऱ्या भाऊंनी सांगितलं, जुन्या गावात एक माडी रिकामी आहे, आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत. "पण ती तुम्हाला नाही चालणार." का? तर तिथं पूर्वी फोटो स्टुडिओ होता आणि तिथले फोटोग्राफर अण्णा मयतांचे फोटो काढायचे. स्टुडिओ बंद पडला, अण्णा गेले, तेव्हापासून वर कुणी टिकलेलं नाही. एक कुटुंब आलं होतं, तेही दोन महिन्यांत गेलं.

मी त्याच संध्याकाळी गेले. भुताखेतांचं मला काही वाटत नाही, आणि भाडं साडेचार हजार होतं.

धुळ्याचं जुनं गाव ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला, मग कॅप्टन ब्रिग्जनं इथं जिल्ह्याचं ठाणं बसवलं आणि जुन्या वस्तीलगत नवी पेठ आखून घेतली. म्हणून गल्ल्या सरळ आणि त्यांना नंबर. नंबरात फारशी गंमत नाही, पण रिक्षावाल्याला पत्ता सांगायला सोपं पडतं. घरांच्या तळमजल्यावर दुकानं, वर लाकडी सज्जे, सज्ज्यांवर आता कपडे वाळत असतात आणि मोबाइल कंपन्यांचे फलक लागलेले असतात. यातलं आमचं घर रुंदीला लहान आणि आत खोल. खाली पूर्वी कापडाचं दुकान होतं, आता मोबाइलची कव्हरं विकतात. त्याच्या मागच्या खोल्यांत घरमालकीण राहते, अण्णांची बायको. गल्ली तिला आक्का म्हणते, मीही तेच म्हणते.

आक्कांनी मला ओट्यावर बसवून पाणी दिलं आणि आधी चौकशी केली. "कोठली शेस व माय?" माझी आजी पारोळ्याची. लहानपणी सुट्टीत ऐकलेली अहिराणी मला बोलता येत नाही, पण समजते. पारोळं म्हटल्यावर आक्कांचा चेहरा बदलला. तिथं त्यांची मावशी दिलेली होती. एजंटांनी महिनाभर विचारलं ते आक्कांनी विचारलंच नाही. मीच विचारलं, वर कुणी का टिकत नाही? आक्का हसल्या. "मना घरमा भूत-बित काही नही. मी एकलीच शे."

मयतांच्या फोटोंचं मात्र खरं होतं. फक्त ते माडीवर काढलेले नव्हते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाचा जन्मात एकही फोटो निघालेला नसायचा. तो गेला की घरातलं कुणीतरी सायकल हाणत धुळ्याला यायचं, आणि ताटी उचलायच्या आत अण्णा कॅमेरा घेऊन कुसुंब्याला नाहीतर सोनगीरला पोचायचे. प्रेताला भिंतीला टेकवून बसवायचे, डोक्याला पागोटं घालायचे. नंतर प्रिंटवर बारीक ब्रशनं मिटलेले डोळे उघडे रंगवायचे. असे हार घातलेले फोटो तुम्ही खानदेशातल्या कितीतरी घरांत पाहिले असतील. त्यातल्या काहींच्या नजरेत जे जरा चुकल्यासारखं वाटतं, त्याचं कारण हे.

आता खोली. जिना लाकडी, उभा, हाताला धरायला दोर. वर गेलं की एकच लांब दालन, साधारण चौदा फूट रुंद आणि बावीस फूट लांब. वर मंगलोरी कौलं, त्यांच्याखाली फळ्यांचं छत. एका कोपऱ्यात पैसे घ्यायचा लाकडी काउंटर, त्याच्याशेजारी पुरुषभर उंचीचा आरसा, आरशाखाली कंगव्यासाठी खाचा पाडलेली फळी. मागच्या बाजूला सहा बाय आठची डार्करूम. आणि उत्तरेच्या भिंतीत कंबरेपासून थेट छतापर्यंत गेलेली, लहान लहान काचांची एक प्रचंड खिडकी.

खोली घ्यायचं मी या खिडकीपाशी नक्की केलं. उत्तरेकडचा उजेड दिवसभर जवळजवळ एकसारखा राहतो. ऊन थेट आत येत नाही, त्यामुळे चेहऱ्याच्या एका बाजूला कडक सावली पडत नाही आणि सकाळी काढलेला फोटो नि दुपारी काढलेला फोटो यांत फारसा फरक दिसत नाही. विजेचे मोठे दिवे परवडत नव्हते आणि व्होल्टेजचा भरवसा नव्हता, त्या काळात फोटोग्राफरचा खरा दिवा ही खिडकीच. अण्णांनी पन्नासच्या दशकात घर घेतलं तेव्हा तिथं साधी भिंत होती. ती फोडून खिडकी बसवली, म्हणजे घरात पहिला मोठा खर्च तिच्यावर झाला. आक्कांच्या लग्नातलं सोनं त्यासाठी गहाण पडलं होतं. ते सुटलं का, हे मी विचारलं नाही.

आक्कांची अट एकच, आणि तीही त्यांनी लगेच सांगितली. "तुले जे करनं शे ते कर, पन त्या खिडकीले हात लावू नको."

दुसरी अट नंतर निघाली. श्रावणात आक्कांकडे कानबाई बसते, ही खानदेशातली देवी. रविवारी स्थापना, रात्रभर जागरण, सोमवारी विसर्जन, आणि रोटांच्या प्रसादासाठी सगळी भाऊबंदकी गोळा होते. त्या रात्री पोरंसोरं वर माडीवर झोपणार. ही अट लिव्ह अँड लायसन्सच्या मसुद्यात कुठल्या कलमाखाली घालायची, हे वकिलालाही सुचलं नाही. ती तोंडीच राहिली.

कराराचं फार लांबण लावत नाही, पण तो टाळू नका. जुन्या घरात लोक अजूनही "कशाला कागद, आपलीच माणसं" म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवर मिळेल असं मानलेलं व्याजही धरतात. शहरात नोंदणीची फी हजार रुपये. आधार आणि अंगठा घेऊन सगळं ऑनलाइन होतं. अडचण वेगळीच होती. घरपट्टी आक्कांच्या नावावर, पण मिळकत पत्रिकेवर अजून अण्णा. मुलगा सुरतेला कापडाच्या धंद्यात, एक मुलगी नंदुरबारला, एक कल्याणला. मुलाला भीती ही, की बाई एकदा शिरली की निघायची नाही. जुन्या गावात पागडीचे असे किस्से प्रत्येक गल्लीत आहेत. अकरा महिन्यांचा परवाना म्हणजे भाडेकरूचा हक्क नव्हे, हे वकिलानं त्याला फोनवर नीट समजावलं, तिन्ही भावंडांची संमती लिहून घेतली आणि वारसनोंदीचा अर्जही त्याच झटक्यात भरून टाकला. माझ्यामुळे त्यांचं ते रखडलेलं काम सुरू झालं, असं आक्का अजून सांगतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला डार्करूममध्ये.

माडीवर मोरी तेवढीच होती. डार्करूमला पाणी लागतं आणि पाणी जायला वाट लागते, म्हणून अण्णांनी तिथं दगडी मोरी करून घेतलेली. म्हणजे माझं बाथरूम व्हायचं तर तिथंच होणार. दार उघडलं तर आत काळ्या रंगाच्या भिंती, दोन पदरी काळा पडदा, आणि एका लाकडी खोक्याला लाल काच लावून त्यात ठेवलेला बल्ब. ब्लॅक अँड व्हाइट कागदाला लाल उजेड जवळजवळ दिसत नाही, म्हणून त्या उजेडात काम चालायचं. फळ्यांवर तपकिरी बाटल्या, अण्णांच्या वळणदार अक्षरातल्या चिठ्ठ्या: "डेव्हलपर, जुना", "हायपो, ताजा", "ब्रोमाइड". स्टुडिओ बंद होऊन दीड दशक तरी झालं असेल, पण आंबट-गंधकी वास तसाच. आधीचं कुटुंब दोन महिन्यांत का गेलं याचं उत्तर मला त्या वासात मिळालं. त्यांनी या खोलीला बाहेरून कुलूप लावून शेजारीच स्वयंपाक मांडला होता.

बाटल्या सरळ मोरीत ओतून मोकळं व्हावं असा सल्ला मला तिघाचौघांनी दिला. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे एक ओळखीचे सर येऊन बघून गेले, आणि त्यांनी आधी त्या बाटल्यांना हात लावायलाच मनाई केली. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. ते स्वतः फारसं घातक नाही. पण वापरलेल्या हायपोत चांदीचे क्षार उतरलेले असतात आणि ते गटारातून नदीला जाणं बरं नाही. खरी भीती कोपऱ्यातल्या एका छोट्या बरणीची निघाली. आत नारिंगी खडे होते, पोटॅशियम डायक्रोमेट. हे विषारी, कर्करोगाला कारण होणारं, आणि बरणीचं झाकण गंजलेलं. सरांनी हातमोजे घालून ती दुहेरी पिशवीत बांधली आणि रासायनिक कचऱ्यात द्यायला प्रयोगशाळेत नेली. बाकीच्याही बहुतेक बाटल्या त्यांच्याचकडे गेल्या. तुम्ही कुठल्या जुन्या स्टुडिओत, छापखान्यात, मुलामा देणाऱ्याच्या दुकानात राहायला जाणार असाल, तर रंगारी बोलवायच्या आधी असा एक माणूस बोलवा.

चांदीवरून आक्कांना आठवलं. वापरलेलं हायपो अण्णा कधी फेकत नसत. मोठ्या बरणीत साठवायचे, तळाला काळा गाळ बसायचा, आणि वर्षा-दोन वर्षांनी तो गाळ चांदी काढणारा एक माणूस तोलून घेऊन जायचा. एका वर्षी त्यांनी पैशाऐवजी चांदीच मागितली आणि आक्कांना तोरड्या केल्या. गावातल्या लोकांच्या चेहऱ्यांवरून उतरलेली चांदी. हे वाक्य माझं आहे, आक्का एवढंच म्हणाल्या की तोरड्या वजनाला हलक्या होत्या.

बाथरूम करायचं तर ओझ्याचा विचार करावा लागतो. लाकडी तुळयांवर उभं असलेलं घर आणि काँक्रीटच्या स्लॅबचं घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गवंड्यांच्या नव्या पिढीला पहिलीचा सराव उरलेला नाही. माझ्या गवंड्यानं आधी हजार लिटरची टाकी थेट खोलीच्या मधोमध छतावर सुचवली. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. टाकी अखेर पाचशे लिटरची घेतली आणि जिन्याकडच्या जाड विटांच्या भिंतीवर लोखंडी अँगल टाकून तिच्यावर बसवली. तुळया तपासायला सुतार आला. तो मधल्या भागाकडे फारसं बघतच नव्हता. तुळईचं टोक जिथं भिंतीत जातं तिथं आरी टोचून बघत होता. लाकूड सागाचं असलं तरी भिंतीतली ओल त्या टोकाला लागते आणि कुजायला सुरुवात तिथून होते. एका टोकात आरी बोटभर आत गेली. तिथं खालून लोखंडी चॅनलचा आधार द्यावा लागला. तो खर्च सुरतेच्या मुलानं केला. बाथरूमचा खर्च अर्धा माझा, अर्धा आक्कांचा, भाड्यातून वळता करायचा.

वायरिंग बघून इलेक्ट्रिशियन हात जोडून उभा राहिला. लाकडी पट्टीवर खिळलेल्या, कापड गुंडाळलेल्या वायरी, चिनी मातीचे फ्यूज, पितळी बटणं, आणि अर्थिंग कुठेच नाही. पितळी बटणं ठेवायचा मोह मला झाला होता, कारण दिसतात फार सुंदर. पण आतला रबर सुकून वायरींचं कवच हात लावताच गळत होतं. सगळं काढलं, अर्थिंग घेतलं, बाथरूमच्या गीझरसाठी तीस मिलिअँपिअरचा गळती ओळखणारा स्विच बसवला. एक पितळी बटण भिंतीवर तसंच आहे. ते कशालाच जोडलेलं नाही. येणारा प्रत्येक पाहुणा ते एकदा तरी दाबून बघतो.

भिंतींचं काम मला सगळ्यात आवडलं. उत्तरेची आणि पूर्वेची भिंत चुन्यातली, अजून ठणठणीत. पश्चिमेच्या भिंतीला मागे कधी सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट मारलेला होता, आणि नेमके पोपडे तिलाच धरलेले. पावसाची ओल भेगांतून आत येते. चुन्याची भिंत ती हवेत सोडून देते, सिमेंट आणि ऑइलपेंट मात्र कोंडून ठेवतात. ती भिंत विटेपर्यंत खरवडली. चुन्यात काम करणारा गवंडी शोधायला वेळ लागला. जो मिळाला तो साठी उलटलेला, आणि त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं, "घाई असेल तर सिमेंटवाला बघा." चुनकळी पिंपात विरवली, पाणी पडताच ती उकळायला लागते तो देखावा गल्लीतली पोरं जमून बघत होती. मुरवलेल्या चुन्यात वाळू कालवून पातळ थर, मग दुसरा थर, रोज पाण्याचा शिपका. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो, त्याला आपली सुटी संपत आलीय हे सांगून उपयोग नसतो. शेवटचा हात नीळ घातलेल्या चुन्याचा दिला. अण्णांच्या काळीही तसाच असे. अशा भिंतीवरून परतणारा उजेड पिवळा पडत नाही.

सामान आणायच्या दिवशी कपाट जिन्यातून वर जाईना. हमालांनी खिडकीकडे पाहिलं, आक्कांनी हमालांकडे पाहिलं. कपाट खाली उतरवून सुटं केलं आणि फळी फळी करून वर नेलं. फ्रिज कसाबसा गेला.

राहायला आले ते थंडीत, त्यामुळे पहिले दोन-तीन महिने मी भेटेल त्याला खिडकीचं कौतुक ऐकवत होते. मग एप्रिल आला.

भूगोल शाळेत शिकलेला असतो, पण त्याचा अर्थ अशा घरात कळतो. धुळं सुमारे एकवीस अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. मार्चअखेरीपासून सूर्य मावळताना पश्चिमेच्या उत्तरेकडे सरकत जातो. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत तो भर दुपारीसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही हा नियम बारा महिने पक्का नाही. खानदेशात उन्हाळ्याच्या संध्याकाळी साडेपाचपासून ते तिरपं, तांबडं ऊन काचांमधून थेट माझ्या पलंगावर. त्यात वर कौलं तापलेली, बाहेर पारा चव्वेचाळीसच्या आसपास.

अण्णांना हे माहीत होतं. खिडकीच्या माथ्यावर दोन तारा ताणलेल्या होत्या, एकीमागे एक, आणि त्यांत पितळी कड्या. मला वाटत होतं, साधे पडदे असतील. आक्कांनी सांगितलं की दोन्ही तारांवर मांजरपाट असायचा. सकाळी एक पदर, दुपारी दोन्ही, ढग आले की दोन्ही बाजूला. कापड उजेड अडवत नाही, गाळून सगळीकडे पसरवतं. फोटोत त्यानं चेहरे मऊ यायचे. मी आग्रा रोडवरून ताग्यातला मांजरपाट आणला, आक्कांनी शिलाई मशीनवर कड्यांच्या पट्ट्या शिवून दिल्या. ऊन निम्म्यानं कमी झालं. उरलेल्यासाठी कूलर. एसीचा भाव काढला होता, पण एवढ्या उंच, फटींच्या खोलीत तो बाहेरच्या गल्लीलाच थंड करत बसला असता. खानदेशचा उन्हाळा कोरडा, म्हणून वाळ्याच्या पडद्यांचा कूलर इथं खरोखर काम करतो. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच कूलर नुसता वारा देतो. त्याला पाणी मात्र बादल्यांनी लागतं, आणि नळाला पाणी रोज येत नाही. त्यामुळे पाण्याच्या दिवशी माझी पहाट पिंपं भरण्यात जाते. चांगलं घर मिळालं की काय काय मिळतं याची यादी करताना लोक हे सांगत नाहीत.

आधीच्या वस्तूंपैकी काय ठेवायचं हे आक्कांनी ठरवलं. कोट खाली गेला. स्टुडिओत एक काळा कोट आणि एक टाय कायम असायचा. खेड्यातून सदरा-धोतरात आलेला नवरदेव फोटोपुरता तो चढवायचा. सगळ्यांच्या मापाला बसावा म्हणून मागून उसवलेला, आणि मागचा भाग फोटोत येतच नाही. आरसा माझ्याकडे राहिला. काउंटरचा मी स्वयंपाकाचा ओटा केला, वर ग्रॅनाइट टाकून. आणि फोटोमागचा पडदा तसाच टांगलेला आहे. कापडावर रंगवलेला बाग, तलाव, दोन हंस, आणि कुठेच न जाणारा संगमरवरी जिना. रंग कापडावरून सुटत चाललेत, गुंडाळला तर तडकेल, म्हणून त्याला हलवलं नाही. पलंगच त्याच्यापुढे लावला. ऑफिसातल्या व्हिडिओ मीटिंगमध्ये आमच्या साहेबांनी विचारलं होतं, मॅडम, हा बॅकग्राउंड कुठल्या ॲपचा?

राहायला आल्यावर काही दिवसांतच लोक जिना चढून यायला लागले. आधी शेजारणी, नुसतं बघायला. त्यांच्यातल्या बहुतेकींचा "दाखवायचा फोटो" इथंच निघालेला. मुलगी दाखवायच्या आधी तिचा फोटो पाहुण्यांकडे पाठवायचा, आणि तो फोटो म्हणजे या हंसांपुढे, कठड्याला हात लावून, वेणी पुढे घेऊन उभी राहिलेली मुलगी. एक बाई आरशासमोर उभ्या राहिल्या आणि तिथंच म्हणाल्या, "अण्णांनी मला हसू दिलं नव्हतं. दात पुढे आहेत म्हणाले." मग त्या मनसोक्त हसल्या. त्यांच्या गल्लीतल्या दोघींना याच खोलीत एकाच फोटोवरून एकच स्थळ गेलं होतं, तो किस्सा मी इथं लिहू नये असं आक्कांनी सांगितलंय.

मग बाहेरगावचे. शिंदखेड्याचे, साक्रीचे, एकदा थेट पिंपळनेरचे. कुणाकडे जुनी पावती, कुणाकडे फोटोच्या मागचा शिक्का, कुणाकडे काहीच नाही, नुसतं "सत्तर-एकाहत्तर साली माझे वडील आले होते." सुरुवातीला मला हे जड गेलं. रविवारी सकाळी केस धुऊन बसावं आणि दारात चार माणसं. पण त्यांना परत कसं पाठवायचं? निगेटिव्ह खरंच माळ्यावर होत्या. खोकीच्या खोकी, सुरुवातीच्या काचेच्या, नंतरच्या फिल्मच्या, आणि प्रत्येकीवर नंबर. नंबराच्या वह्या आक्कांच्या ट्रंकेत. तारीख, नाव, गाव, साइज, प्रती, आगाऊ, बाकी.

कौलांखालचा माळा म्हणजे फिल्मसाठी गावातली सगळ्यात वाईट जागा. ॲसिटेटची फिल्म उष्णतेनं आतून विरते आणि व्हिनेगरसारखा वास सोडते. एक खराब झाली की तिच्या वाफेनं शेजारच्याही लवकर बिघडतात. काही खोक्यांतून तो वास येत होता. ती वेगळी काढली. बाकीच्या प्लास्टिकमधून काढून कागदी पाकिटांत घातल्या, काचा कडेला धरून, आडव्या न ठेवता उभ्या लावल्या, आणि सगळं खाली आक्कांच्या देवघराशेजारच्या खोलीत नेलं. तिथं भिंती दोन हात जाड, उन्हाळ्यातही गारवा असतो. हे गाव कागद जपण्यात मागे नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी शेवटचे दिवस इथं काढले, आणि १९२६ च्या अखेरीस ते गेल्यावर पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. समर्थांची हस्तलिखितं वाग्देवता मंदिरात आहेत. अण्णांच्या वह्यांत निदान तीन पिढ्यांचं धुळं आहे, लग्नाचं, बारशाचं, तिरडीचं. त्या अशाच कुठेतरी नीट ठेवायला द्याव्यात असं मी आक्कांना सुचवून ठेवलंय. "मी शे तवलोंग आठेच," म्हणजे मी आहे तोवर इथंच, असं उत्तर मिळालं.

आता पद्धत बसली आहे. रविवारी सकाळी दहानंतर, तेही ओट्यावर. नंबर सापडला तर मी निगेटिव्ह खिडकीच्या काचेला धरून मोबाइलनं फोटो काढते आणि त्यात काळं-पांढरं उलटं करून देते. पैसे घेत नाही. आक्का मात्र वही घेऊन शेजारी बसलेल्या असतात आणि शेवटचा रकाना वाचतात. दोंडाईच्याचे एक गृहस्थ वडिलांच्या फोटोसाठी आले होते, स्वतः सत्तरीचे, बरोबर नातू. फोटो मिळाला, म्हातारे डोळे पुसत उठले, तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "बाकी शे तुमनी. साडेतीन रुपया." नातवाला वाटलं, गंमत आहे. आजोबांनी खिशातून दहाची नोट काढली. आक्कांनी साडेसहा रुपये परत करायला सुटे नाहीत म्हणून दहाचे दहा ठेवून घेतले आणि वहीत "जमा" लिहून आजची तारीख घातली.

मागच्या महिन्यात आमचे अकरा महिने भरले. करार पुन्हा केला, कानबाईची अट पुन्हा तोंडीच राहिली, आणि आक्कांनी भाडं पाचशेनं वाढवलं. मी म्हटलं, आक्का, बाथरूमचे निम्मे पैसे माझे आहेत, चुन्याच्या भिंतीचा गवंडी मी शोधला, फिल्मा मी लावल्या, आणि भाडं माझंच वाढवता? आक्कांना त्यात काहीच विसंगत वाटलं नाही. "मंग! आते बाथरूम नवी व्हयनी ना!"

पाचशेचे चारशे झाले. पावसाळ्याआधी कौलं परतून घ्यायची आहेत, तो खर्च कुणाचा यावर बोलणी चालू आहेत.